पितळेचा बिल्ला

भागीरथी म्हात्रेचा राग भोपर गावात जेवढा माहीत होता, तेवढाच वागळे इस्टेटमधल्या औषधांच्या कारखान्यातही. गावात हळदीच्या मांडवात कुणी बाई उगाच टोमणे मारायला लागली की शेजारची तिला कोपराने ढोसून सांगायची, "हलू बोल गो, भागी बसलीय तिकरं." तिचा नवरा गोविंदा स्वभावाने गरीब. तो पाहुण्यांना सांगायचा, "आमच्याकडं स्टोव्ह दोन हायेत. त्यातला एकच रॉकेलवर चालतो." भागीरथी ते ऐकून हसायची. गोविंदाचं बोलणं तिला कधी लागलं नाही. पण कुणी आपल्याला गृहीत धरतंय असं वाटलं, की तिच्या कानशिलांत जाळ व्हायचा आणि मग समोर कोण उभं आहे हे ती बघत नसे.

तसा राग यायला कारणंही भरपूर होती. सासऱ्यांची भातशेती सरकारने कारखान्यांसाठी घेतली, तेव्हा घरटी एकाला नोकरी मिळेल असं कुणीतरी येऊन सांगून गेलं होतं. तो सांगणारा पुन्हा गावात दिसला नाही. भागीरथीने नोकरी मिळवली ती स्वतः, कारखान्यांच्या गेटांवर उभी राहून, वॉचमनची बोलणी खाऊन. औषधी गोळ्यांच्या कारखान्यात पॅकिंगला लागली तेव्हा तिचं वय पंचविशीचं. युनियनचं शिबिर झालं त्या वर्षी, म्हणजे सत्याऐंशी साली, तिला तिथे बरीच वर्षं झाली होती.

पॅकिंग म्हणजे एक लांबलचक सरकता पट्टा. दोन्ही अंगांना स्टुलांवर बायका, समोरून गोळ्यांच्या पट्ट्या येताहेत, त्या उचलायच्या आणि खोक्यात भरायच्या. हात थांबला की पुढचीची पंचाईत. पट्ट्याच्या तोंडाशी सुपरवायझरचं टेबल, आणि त्या टेबलावर पितळेचा बिल्ला. तळहाताएवढा, हातांनी घासून घासून गुळगुळीत झालेला. लाइनीवरच्या कुठल्याही बाईला लघवीला जायचं असेल तर तो बिल्ला उचलायचा, मुठीत धरून जायचं, आणि परत येऊन जागच्या जागी ठेवायचा. बिल्ला एकच. तो टेबलावर नसेल तर कुणीतरी गेलेली आहे, तेव्हा तुम्ही बसा. वरून सुपरवायझर देवराम होताच. त्याची दोन वाक्यं ठरलेली होती. "आत्ताच तर गेलेलीस ना?" आणि "पाच मिनिटांत ये."

बायकांनी मग ह्यावर आपापले उपाय काढले होते. सकाळी घरून निघताना पाणी प्यायचं नाही. मधल्या सुट्टीतला चहा अर्धाच घ्यायचा. लाइनीवरची सगळ्यांत जुनी बाई मंजुळा. ती नव्या पोरींना पहिल्याच दिवशी सांगायची, "तहान लागली तर आवंढा गिळ. पाणी घरी जाऊन प्यायचं." लघवीला जळजळ व्हायची, उन्हाळी लागायची, ती बाराही महिने. त्यावरच्या गोळ्याही त्याच पट्ट्यावरून जायच्या, आणि ह्याच बायका त्या खोक्यांत भरायच्या.

पुरुषांच्या खात्यात बिल्ला नव्हता. मशीन शेजारच्याच्या हवाली करायचं आणि बिडी मारून यायचं, कोण विचारतो?

शालूचं झालं ते गणपतीनंतरच्या आठवड्यात. शालू विठ्ठलवाडीची, चोवीसएक वर्षांची, भागीरथीच्या शेजारच्याच स्टुलावर बसायची. पाचवा महिना लागला होता. त्या दिवशी बिल्ला टेबलावर नव्हता. शालू दोनदा उठून देवरामकडे गेली. दुसऱ्यांदा तो चहाचा ग्लास हातात धरून म्हणाला, "दाबून ठेव. पोर सांभाळता येतं ना, मग हे पण सांभाळ." शालू परत येऊन बसली. गुडघे जोडून, एका हाताने स्टुलाची कड धरून, दुसऱ्या हाताने पट्ट्या उचलत. तिचा चेहरा तेव्हा कसा झाला होता हे भागीरथी मरेपर्यंत विसरणार नव्हती. आणि मग स्टुलावरूनच सगळं खाली आलं. देवराम हसला. नुसता हसला नाही, सगळ्या खात्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "ए, पोचा आणा रे इकडे!"

भागीरथीने आपला पदर सोडून शालूच्या कमरेभोवती धरला आणि तिला कपडे बदलायच्या खोलीत नेलं. परत आल्यावर ती देवरामला जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. युनियनचा कमिटीवाला धावत आला आणि देवरामला काही न बोलता तिलाच म्हणाला, "जाऊ द्या, मिटवून घ्या." शालू दुसऱ्या दिवसापासून कामावर आली नाही. भागीरथी तिच्या घरी गेली तेव्हा शालू भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तो बिल्ला आहे तोवर मी येणार नाही, ताई. नोकरी गेली तर गेली."

"बिल्ला जाईल," भागीरथी म्हणाली. "मी घालवते त्याला."

शब्द देऊन बसली खरी, पण घालवणार कसा हे तिला माहीत नव्हतं. तेवढ्यात युनियनचा फलक लागला, महिला सभासदांसाठी शिक्षण शिबिर. शनिवार आणि रविवार, कल्याणला, खाडीच्या अंगाच्या एका शाळेत. बायकांसाठी युनियनने आजवर काही म्हणून केलेलं नव्हतं. त्यात नव्या कराराचं मागणीपत्र सोमवारीच मॅनेजमेंटला जायचं होतं. एकदा करारावर सह्या झाल्या की पुढची तीन वर्षं त्यात शब्द घालता येत नाही. भागीरथीने ठरवलं, शिबिरात बोलायचं. बिल्ला मागणीपत्रात गेला पाहिजे, आणि तो ह्या दोन दिवसांतच गेला पाहिजे.

आठवडाभर आधी युनियनचे सेक्रेटरी परशुराम ह्यांनी मंजुळाला ऑफिसात बोलावलं. गोरे, उंच, बोलण्यात साखर. म्हणाले, "केटरर कशाला करायचा? आपल्या भगिनींच्या हातची तांदळाची भाकरी असताना! तुम्हीच बघा ना जेवणाचं." मंजुळाने मान डोलावली. मान डोलवायची तिला सवयच होती.

म्हणून शनिवारी सकाळी शिबिराचं चित्र असं होतं. वर्गात फळ्यावर रंगीत खडूने 'सुस्वागतम्', पुढे टेबल, टेबलाशी परशुराम, बाजूला खुर्च्यांवर कमिटीचे सहा पुरुष. समोर मुलांच्या बुटक्या बाकांवर कशाबशा मावलेल्या वीसएक बायका. आणि बाकीच्या वीस मागच्या पडवीत, कांदे चिरताहेत, तांदळाची उकड मळताहेत. आठ तासांचा दिवस कामगारांनी लढून कसा मिळवला, हा परशुरामांचा विषय. चुलीपाशी बसलेल्या बायकांना तो खिडकीतून तुकड्यातुकड्याने ऐकू येत होता. त्या तर पहाटेपासून राबत होत्या आणि त्यांचे आठ तास केव्हाच सुरू झाले होते. पण तो हिशोब कुणी मांडला नाही.

भागीरथीची पाळी पडवीत दुपारची होती, त्यामुळे ती वर्गात बसली होती. परशुराम बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. मोठे वक्ते ठेवतात तसं. व्याख्यान लांबत गेलं. भागीरथीने सकाळी, शिबिर म्हणून, सुट्टी म्हणून, बऱ्याच वर्षांनी पोटभर चहा घेतला होता. तिला जायचं होतं. ती उठली, बाकांमधून वाट काढत पुढे गेली, टेबलापाशी आली, हात पुढे केला, घड्याळ उचललं, मुठीत धरलं आणि दारातून बाहेर पडली. परशुराम तेव्हा फळ्याकडे तोंड करून साल लिहीत होते.

ते वळले तर टेबलावर घड्याळ नाही. आधी त्यांनी खिसे चाचपले. मग कागद उचलून बघितले. मग कमिटीतला जगन नावाचा मेंबर टेबलाखाली वाकला. "इथेच तर होतं," परशुराम म्हणाले आणि बायकांकडे अशा नजरेने बघितलं की दोघीतिघींनी आपापल्या पिशव्या जवळ ओढल्या. पॅकिंगच्या बायकांनी मात्र काय झालं ते बघितलं होतं. एकीनेही तोंड उघडलं नाही. त्यांना त्यात वेगळं काही घडलंय हेच आधी कळलं नव्हतं.

भागीरथी आली. सरळ टेबलापाशी गेली, मूठ उघडली, घड्याळ होतं त्या जागी ठेवलं आणि आपल्या बाकावर येऊन बसली.

मग कमिटीवाले खो खो हसायला लागले. जगनच्या डोळ्यांतून पाणी आलं. परशुरामही हसले, घड्याळ रुमालाने पुसता पुसता म्हणाले, "काय बाई, टाइम लावून गेला होतात की काय?" पुन्हा हशा.

तेव्हा कुठे भागीरथीला कळलं की आपण काय केलं. तिने आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. मागे पॅकिंगच्या बायका बसल्या होत्या, त्यातली एकही हसत नव्हती. मंजुळा पडवीच्या दारात पिठाच्या हातांनी उभी होती, तिने तोंडाला पदर लावला होता, पण तो हसू दाबायला नव्हे. भागीरथीला आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि मग तो जाळ उठला.

ती उभी राहिली. "हसताय कशाला?" ती म्हणाली. "आमच्या खात्यात टेबलावरचं उचलल्याबिगर मुतायला जाता येत नाय. इतकी वर्षं उचलतोय. हाताला आता टेबल दिसलं की पुरतं." मग तिने बिल्ल्याचं सगळं सांगितलं. देवरामचं सांगितलं. शालूचं नाव न घेता शालूचं सांगितलं. हसणं थांबलं होतं. "हा बिल्ला बंद करा असं मागणीपत्रात घाला साहेब. सोमवारच्या आत."

परशुरामांनी घड्याळ मनगटावर बांधलं. "हे बघा," ते म्हणाले, "तुमची भावना मी समजू शकतो. पण मागणीपत्र छापून तयार आहे. महागाई भत्ता, ग्रेड, बोनस, केवढे मोठे विषय आहेत त्यात. शिवाय हे असलं... मॅनेजमेंटसमोर मोठ्याने वाचायचं? उद्या कोर्टात गेलं तर वकील वाचणार. शोभतं का ते? आणि तसं क्षुल्लक आहे हो. सुपरवायझरला दोन शब्द समजावले की सुटतं."

"क्षुल्लक," भागीरथी म्हणाली.

"तुलनेने म्हणतोय मी. आणि उद्या समारोपाला आपले अध्यक्ष येताहेत, भाऊ. त्यांच्यासमोर हा विषय कृपा करून नको. वयस्कर माणूस आहे." असं म्हणून त्यांनी पुन्हा खडू उचलला. "तर कुठे होतो आपण?"

संध्याकाळी बायका मोठी पातेली घासत होत्या. भागीरथी पातेल्याच्या बुडाशी असं भांडत होती की राखेचे शिंतोडे सगळ्यांच्या अंगावर उडत होते. "जल्लं मेलं ते शिक्षण," ती म्हणाली. "भाकऱ्या आमच्या ग्वाड लागतात. आमचं मूत तेवढं ह्यांना क्षुल्लक. एक दिवस, एकच दिवस ह्यांना बसवाया पायजेल असं."

मंजुळा ताटं पुसत होती. जन्मभर मान डोलावलेली बाई. ती ताट खाली ठेवून सावकाश म्हणाली, "शाळेच्या किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडेच दिलाय शिपायाने. पुरुषांच्या संडासाची पण त्यात आहे." मग म्हणाली, "उद्याचं ताक मी करते. भरपूर."

रविवारी नेत्यांची जी सरबराई झाली तशी कुठल्या जावयाची झाली नसेल. आल्या आल्या चहा. मग लिंबाचं सरबत. जेवणाबरोबर ताक, आणि ग्लास खाली ठेवला की लगेच भरलेला. "घ्या ना साहेब, घरचं आहे." "भाऊ, अजून थोडं." परशुराम बाजूच्या माणसाला म्हणाले, "बघा, कालचं विसरल्या. आपल्या बायका मनाने साफ असतात."

जेवणं झाल्यावर भाषणं सुरू झाली आणि भागीरथीने वर्गाच्या दाराशी एक बाक ओढून घेतला. बाकावर आमटी वाढायचा, मोडक्या दांड्याचा पितळी डाव ठेवला. डावाला सुतळीने किल्ली बांधलेली. पहिला उठला जगन. तो बाहेर जाऊन, कुलूप बघून परत आला.

"किल्ली?"

"डाव घेऊन जायचं," भागीरथी म्हणाली. "एकावेळी एक. पाच मिनटांत यायचं. आल्यावर हितंच ठेवायचा."

जगनला गंमत वाटली. तो डाव नाचवत गेला. बायका बाकांवर हाताची घडी घालून बसल्या होत्या, शाळेतल्या पोरींसारख्या. जगन आल्यावर दुसरा गेला, मग तिसरा. डाव कुणीच आता नाचवत नव्हता. चौथ्याला भागीरथीने विचारलं, "आत्ताच तर गेलेलात ना?" तो गोरामोरा होऊन म्हणाला, "तो मी नव्हतो." परशुराम उठले तेव्हा डाव बाहेर होता. ते दाराशी येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "हा काय पोरखेळ मांडलाय?"

"क्षुल्लक हाय साहेब," भागीरथी म्हणाली. "बसा. आला की मिळंल."

परशुराम जाऊन बसले. डाव आला, पण त्यांना उठून सगळ्यांसमोर तो मागून घेणं जड गेलं. ते पायावर पाय टाकून, पंख्याकडे बघत राहिले. मंजुळाने त्यांच्यासमोर ताकाचा आणखी एक ग्लास आणून ठेवला. भागीरथीला इतकं बरं वाटत होतं की विचारू नका. जगन दुसऱ्यांदा डाव घेऊन गेला आणि लवकर परतला नाही. मागे जाऊन बिडी ओढत बसला असणार. बसू दे. जेवढा उशीर करेल तेवढं बरं.

आणि मग भाऊ उठले. सत्तरीच्या पुढचे, गेटवर लाठ्या खाल्लेले, पांढऱ्या सदऱ्यातले. काठी टेकत टेकत दारापर्यंत आले आणि अगदी अदबीने म्हणाले, "बाई, मला जायला हवं."

"डाव बाहेर गेलाय, भाऊ."

भाऊंनी बाकाकडे बघितलं, रिकामी जागा बघितली. वाद घातला नाही, ओरडले नाहीत. "बरं," म्हणाले आणि परत जाऊन खुर्चीत बसले. त्यांनी गुडघे जोडले. एका हाताने खुर्चीची कड धरली. ओठ आत घेतले आणि समोरच्या भिंतीवर कुठेतरी नजर लावून बसले.

भागीरथी बघत राहिली. तो चेहरा तिच्या ओळखीचा होता. लाइनीवरच्या सगळ्यांच्याच ओळखीचा होता. "साखर आहे त्यांना," कमिटीतलं कुणीतरी कुजबुजलं. "सारखं जावं लागतं." मंजुळा भागीरथीच्या मागे येऊन उभी राहिली होती. ती कानाशी म्हणाली, "बसू दे. दोन मिनटं अजून. कळू दे एकदा सगळ्यांना."

दोन मिनिटांचाच प्रश्न होता. दोन मिनिटांत भाऊंची फजिती झाली असती आणि जन्मात कुणी पुन्हा क्षुल्लक म्हणालं नसतं. भागीरथीने दोन्ही हातांनी बाक घट्ट धरला. आणि मग ती उठून पळत सुटली. शाळेच्या मागे जगन बिडी ओढत होता. तिने त्याच्या हातातला डाव हिसकला, जाऊन कुलूप उघडलं, परत आली आणि भाऊंचा दंड धरून त्यांना उठवलं. "चला. चला लवकर." दारापर्यंत नेलं आणि पाठ फिरवून उभी राहिली. ती धावली होती ती दयेने नव्हे, रागानेच. तिला हे दोन मिनिटं बघवलं नव्हतं. देवराम हेच वर्षानुवर्षं रोज बघत होता, आणि चहा पीत होता.

भाऊ वर्गात परत आले. ते पुढे टेबलाकडे गेले नाहीत. भागीरथीच्या बाकापाशीच थांबले.

"हे कशासाठी केलंत?"

भागीरथीने सांगितलं. ह्या वेळी शालूचं नावसुद्धा सांगितलं.

भाऊ म्हणाले, "मला जरा आधी सोडायला हवं होतंत, बाई."

"हो," भागीरथी म्हणाली. "आणि शालूला कुनी सोडलं, भाऊ? तुमची युनियन काय म्हणाली? मिटवून घ्या म्हणाली."

भाऊंनी परशुरामांना हाक मारली. "मागणीपत्रात ही मागणी घाल. पहिली."

"भाऊ, पण ते छापून—"

"हाताने लिही." मग परशुरामांच्या पायावर टाकलेल्या पायाकडे बघून म्हणाले, "आणि आधी जाऊन ये."

त्या संध्याकाळी भागीरथी कल्याणहून घरी न जाता आधी विठ्ठलवाडीला गेली. शालूचं पोट आता चांगलं दिसायला लागलं होतं. भागीरथीने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, डावाचं, ताकाचं, भाऊंचं. शालू ताकाच्या गोष्टीला हसलीसुद्धा. कितीतरी दिवसांनी हसली.

"म्हणजे बिल्ला गेला?"

"मागणी गेली. करार होईल तेव्हा बिल्ला जाईल."

"कधी?"

करार व्हायला वर्ष लागतं, कधी दीड, हे भागीरथीला माहीत होतं.

"आणि देवराम?" शालूने विचारलं. "तो तिथेच बसणार ना? मला बघणार ना रोज?"

भागीरथीने तिच्या हातचा चहा घेतला नाही. तशीच निघाली आणि घरी आली. गोविंदाने तिचं तोंड बघितलं आणि मुकाट्याने ताट वाढून घेतलं.

सोमवारी दुपारी मागणीपत्र देणार होते. भागीरथी दुपारपर्यंत थांबली नाही. सकाळी घरून ती तांब्याभर पाणी पिऊन निघाली होती. पट्टा सुरू होऊन तासभर झाला असेल, ती स्टुलावरून उठली आणि टेबलाकडे निघाली. देवरामने नुकताच चहाचा ग्लास समोर घेतला होता. भागीरथीचा हात सवयीने पुढे झाला. तिने तो अडवला नाही. बिल्ला उचलला, आणि देवरामच्या चहात सोडला. चहा त्याच्या शर्टावर उडाला.

"घे," ती म्हणाली. "आता तू दाबून ठेव."

आणि ती चालू लागली. "ए! थांब! ए बाई!" देवराम ओरडत होता. मग मागे एक स्टूल सरकल्याचा आवाज झाला. ती मंजुळा होती, भागीरथीने वळून न बघताही ओळखलं, तिचे सांधे वाजायचे. त्यानंतर मात्र इतकी स्टुलं सरकली की देवरामचं ओरडणं ऐकू येईना. पट्टा चालूच होता. गोळ्यांच्या पट्ट्या टोकाला जाऊन जमिनीवर पडत होत्या, ढीग होत होता. ऑफिसातून साहेब धावत आला. बायकांचं म्हणणं एकच होतं, हा माणूस ह्या टेबलावर नको, आणि ते पितळ नको. जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकही बाई स्टुलावर बसली नाही. माल त्याच दिवशी जायचा होता. देवरामची रवानगी गोडाऊनला झाली आणि बिल्ला साहेबाने स्वतः, दोन बोटांत धरून, ऑफिसात नेला.

भागीरथीला गैरवर्तनाबद्दल निलंबनाचा कागद हातात ठेवून गेटबाहेर काढलं. गेटवर परशुराम भेटले, घामाघूम. "काय केलंत हे? आज मागणीपत्र, आणि आजच? असं न विचारता कुणी करतं का?"

"विचारलेलं," भागीरथी म्हणाली. "शनिवारी."

निलंबन संपवून ती परत कामावर गेली तेव्हा शेजारच्या स्टुलावर शालू बसली होती. मंजुळाने जाऊन तिला आणलं होतं. शालूने भागीरथीच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दोघी पट्ट्या उचलायला लागल्या. टेबलावर नवा सुपरवायझर होता, घाबरट, बायकांकडे मान वर करून न बघणारा.

थोड्या वेळाने शालू उठली. पोट सांभाळत, सावकाश चालत टेबलापाशी गेली. आणि तिचा हात पुढे झाला. टेबलावर काहीच नव्हतं. हात तसाच राहिला, काहीतरी उचलायला निघालेला. शालूला पुढे जाता येईना आणि मागेही फिरता येईना. ती त्या रिकाम्या जागेकडे बघत उभी राहिली.

भागीरथीने ते बघितलं. देवराम गेला होता, बिल्ला गेला होता, मागणी पहिल्या नंबरावर हाताने लिहून गेली होती. तरी ह्या पोरीचा हात अजून त्यांच्याच टेबलावर होता. भागीरथीच्या कानशिलांत असा जाळ झाला की तसा देवरामसमोरही झाला नव्हता.

"खाली घे तो हात!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की पट्ट्यापलीकडच्या बायका दचकल्या. मग ती स्वतः उठली, शालूचा तो हात आपल्या हातात घट्ट धरला, आणि दोघी टेबलावरून पुढे गेल्या.